भावोजींचं बोट

राखीव गोलकीपर हा प्राणी मुळातच दुसऱ्याच्या वाइटावर टपलेला असतो. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. राखीव फॉरवर्डला मैदानात उतरायला दहा वाटा असतात. कुणी दमतो, कुणाला कार्ड मिळतं, कधी कोचचंच डोकं फिरतं. राखीव गोलकीपरला वाट एकच, पहिल्याला काहीतरी व्हावं लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पहिल्या गोलकीपरलाही असतं, कारण तोही कधीतरी त्याच बाकावर बसून पुढच्याच्या गुडघ्याकडे आशेने बघत होता. त्यामुळे कुणी मनाला लावून घेत नाही.

धाकट्याची पंचाईत एवढीच होती, की त्याच्या संघाचा पहिला गोलकीपर त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. धाकटा राहायचा त्यांच्याच घरी, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायचा आणि भावोजींनी आणलेल्या अंड्यांचं ऑम्लेट खाऊन त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून सरावाला जायचा. संघाने दोघांची नावं कधीच टाकून दिली होती. एकाला थोरला म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. सुरुवातीला धाकट्याला 'वशिल्याचं तट्टू' असंही एक नाव होतं. ते ऐकल्यावर भावोजींनी त्याला सहा महिने इतकं पिळून काढलं, की चिडवणाऱ्यांनाच त्याची दया आली आणि नाव आपोआप गळून पडलं.

क्लब दुसऱ्या श्रेणीतला. पहिल्या श्रेणीचे सामने टीव्हीवर दिसतात. तिसऱ्या श्रेणीकडे कुणी बघत नाही, म्हणून ते लोक निवांत असतात. दुसरी श्रेणी म्हणजे लग्नाच्या फोटोतला लांबचा नातेवाईक, फोटोत असतो पण कडेला, आणि अर्धा कापलेला. बसने रात्रभर जायचं, परक्या गावात गार पाण्याने आंघोळ करायची, शे-दोनशे लोकांसमोर खेळायचं आणि पुन्हा बसमध्ये बसायचं. मोसमाच्या शेवटी पहिले दोन संघ वर जातात. क्लबच्या नावात 'अजिंक्य' असा शब्द होता आणि तरीही तो वर्षानुवर्षं गुणतक्त्याच्या मधोमध लोळत पडला होता. नाव मोठं, लक्षण खोटं. मात्र या मोसमात नवे कोच आले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते पोरांना उठाबशा काढायला लावत. मास्तर आल्यापासून संघ जिंकायला लागला, आणि चौथ्या सामन्याच्या आठवड्यात भावोजींना ताप आला.

"रविवारी तू," मास्तर धाकट्याला म्हणाले.

तीन वर्षं बाकावर काढलेल्या माणसाला दोन शब्द पुरतात. त्याने शाळेतल्या मित्रांना फोन केले. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिने रजा काढली. आई लांबून बस पकडून आली, डब्यात लाडू घेऊन. रविवारी सकाळी भावोजींनी चहा घेतला, स्वतःच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "उतरला की ताप!" मास्तरांनी दुसरा विचार केला नाही. थोरला बरा असेल तर थोरलाच.

कपडे बदलायच्या खोलीत बामचा वास कोंदला होता. भावोजी ग्लोव्हजची पट्टी आवळत धाकट्याजवळ आले आणि त्यांनी त्याच्या गालावर थोपटलं.

"पुढच्या वेळी, बाळा. मैदान काय पळून जातंय का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. लहान मुलाची समजूत काढावी तशी त्यांनी मेहुण्याची काढली. पण ते थोपटणं धाकट्याच्या गालावर चपराकीसारखं बसलं.

सामन्याआधी पहिल्या गोलकीपरचे हात गरम करून देणं हे राखीव गोलकीपरचं काम. तो चेंडू मारतो, पहिला अडवतो. आधी सोपे, मग अवघड, मग कोपऱ्यात, मग तोंडावर. आणि सगळं झाल्यावर शेवटचा एक चेंडू हळू, छातीच्या उंचीवर, अगदी सरळ हातात द्यायचा. या क्लबात त्याला 'गोड बॉल' म्हणायचे. जेवणाच्या शेवटी तोंड गोड करावं तसा. गोलकीपर तो झेलतो, पोटाशी धरतो आणि झेलल्याची चव हातात घेऊन आत जातो. हा चेंडू घेताना तो अर्धा सैल पडलेला असतो. मनगटाची पट्टी सोडलेली असते, नजर लोकांमध्ये ओळखीचं तोंड शोधत असते. या चेंडूने काही दगाफटका होणार नाही, यावर त्याचा पुरता विश्वास असतो.

भावोजींनी पट्टी सोडली, वर स्टँडमध्ये बसलेल्या सासूबाईंना हात केला आणि धाकट्याने गोड बॉल मारला.

एक चटका बसावा, बस, एवढंच त्याला हवं होतं. त्याला हाड मोडायचं नव्हतं. पण पायाला मनाचं बरोबर कळतं. चेंडू असा सुटला की धाकट्याला तो मारतानाच कळलं, आणि 'भावोजी!' असं ओरडायला तोंड उघडेपर्यंत भावोजी डावा हात मांडीत दाबून गवतावर बसले होते. करंगळीशेजारचं बोट मागे वळलं होतं.

कुणाला काही वाटलं नाही. धाकटा रोज शंभर चेंडू मारायचा, त्यातला एक लागला. फिजिओ धावत आला आणि त्याने काही विचारायच्या आत भावोजीच सांगायला लागले.

"माझं लक्ष नव्हतं हो. सासूबाई आल्यात ना, त्यांना हात करत होतो. जावयाचे चोचले नडले." ते हसले आणि हसता हसता त्यांचं तोंड पांढरं पडलं.

धाकटा त्या दिवशी खेळला आणि छान खेळला. एकही गोल झाला नाही. आई स्टँडमध्ये पदराने डोळे पुसत होती. सामना संपल्यावर ती खाली येऊन म्हणाली, "देवाने तुझं ऐकलं रे." धाकट्याला वाटलं, आपल्या पायाखालची जमीन थोडी बाजूला सरकावी आणि आपण आत जावं.

बोटाचं ऑपरेशन झालं, तार घातली, पुढे ती काढली. मोसम पुढे सरकत राहिला आणि अजिंक्य जिंकत राहिले. धाकट्याचं नाव पेपरात आलं, तेही अर्ध्या ओळीत. बसस्टॉपवर एकाने त्याला ओळखलं. मास्तर आता त्याला उठाबशा काढायला लावत नसत. या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, तेच वाईट होतं. मैदानात तो दीड तास सगळं विसरायचा. मग घरी यायचा, तर भावोजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि चार चमचे मांडून त्याची वाट बघत असायचे.

"हा बघ, हा पुढच्या रविवारचा त्यांचा दहा नंबर," ते मिठाची बाटली सरकवत म्हणायचे. "हा पेनल्टी घेताना आधी उजवीकडे बघतो आणि मारतो पण उजवीकडेच. डोकं कमी आहे. तू फक्त घाई करू नकोस."

त्यांनी रिकाम्या वेळात बसून समोरच्या संघांचे सगळे जुने सामने बघून काढले होते. धाकट्याने त्या मोसमात तीन पेनल्टी अडवल्या, आणि तिन्ही खरं म्हणजे मिठाच्या बाटलीने अडवल्या. दर वेळी बाकावरून सगळ्यात मोठी आरोळी भावोजींची यायची. ताई मात्र त्यांना ऑम्लेटचा तुकडा मोडून द्यायची, कारण डाव्या हातात काटा नीट धरता येत नव्हता. धाकटा मान खाली घालून आपलं ऑम्लेट चिवडत राहायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

त्याने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा बसमध्ये त्याने सुरुवात केली होती, "भावोजी, त्या दिवशीचा तो बॉल..."

"सोड रे," भावोजी खिडकीला डोकं टेकवत म्हणाले. "गोड बॉलला कुणी दुसरीकडे बघतं का? मी सतरा वर्षं हा खेळ खेळतोय आणि नवशिक्यासारखा वागलो. मलाच लाज वाटते. पुन्हा विषय काढू नकोस."

चूक कबूल करायला गेलेल्या माणसाच्या हातातून समोरच्याने चूकच काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. धाकट्याने पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून त्या रात्री तो सोफ्यावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

मोसम निम्मा सरल्यावर भावोजी पुन्हा राखीव म्हणून बाकावर बसायला लागले. तिसरा गोलकीपर ठेवायची क्लबची ऐपत नव्हती. आता कामं उलटी झाली. भावोजी चेंडू मारायचे, धाकटा अडवायचा, आणि शेवटी भावोजी असा गोड बॉल द्यायचे की पाळण्यातल्या बाळालाही झेलता यावा. धाकटा तो दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि त्यांच्याकडे न बघता आत जायचा. बोट जुळलं होतं, पण पुरतं मिटत नव्हतं. सरावात भावोजी म्हणायचे, "जरा दमाने रे," आणि धाकटा दमाने मारायचा. असं दमाने मारत राहिल्यामुळेच की काय, त्याची खात्री पटत गेली की भावोजींचा हात तसा ठीक आहे. माणसाला जे सोयीचं असतं ते त्याला लवकर पटतं.

बघता बघता शेवटचा सामना आला. अजिंक्य दुसऱ्या क्रमांकावर, आणि तिसऱ्या क्रमांकाचा संघ त्यांच्याच मैदानावर येणार. बरोबरी झाली तरी अजिंक्य वर. हरले, तर ते दुसरे वर जाणार. भावोजींचा करार या मोसमाबरोबर संपत होता आणि त्यांचं वय बघता नवा कोण देणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

त्या आठवड्यात धाकटा घराची किल्ली घ्यायला ताईच्या दुकानात गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई काउंटरमागे एकेक फ्रेम मऊ फडक्याने पुसून पुन्हा काचेच्या कपाटात मांडत होती. भिंतीवरच्या तक्त्यावर अक्षरं वरून खाली लहान होत गेली होती.

"सतरा वर्षं," ताई फ्रेमवर फुंकर मारत म्हणाली. "सतरा वर्षं चिखलात लोळले आणि संघ वर जायची वेळ आली तेव्हा हे बाकावर. एकदा तरी, शेवटचं तरी उभं राहायला मिळायला हवं होतं रे त्यांना. बोलत नाहीत ते. पण मला कळतं."

धाकट्याने काउंटरवरची एक फ्रेम उचलली आणि तशीच परत ठेवली.

"तुला नाही म्हणत मी," ती घाईने म्हणाली. "तू खेळतोयस त्याचा मला केवढा आनंद आहे. माझ्याच घरचे दोघं आणि जागा एक, मी कुणाच्या बाजूने बोलू? ही घे किल्ली. पोळ्या डब्यात आहेत, आमटी गरम करून घे."

दिवसभर लोकांच्या डोळ्यांना नंबर लावून देणारी ताई. तिला समोर उभा असलेला भाऊ दिसला नाही, याचं धाकट्याला हायसंही वाटलं आणि रडूही आलं. घरी जाईपर्यंत त्याच्या मनात सगळं ठरलं होतं. सांगायची गरजच नव्हती. जे घेतलं होतं ते परत द्यायचं. आपण जखमी व्हायचं, भावोजी उभे राहतील, त्यांच्याच हातून संघ वर जाईल, ताई स्टँडमध्ये रडेल, आणि आपण बाकावर बसून सगळ्यात मोठी आरोळी ठोकू. फिटंफाट. इतके महिने छातीवर बसलेला धोंडा पहिल्यांदा हलला. आमटी गरम न करताच तो पोटभर जेवला.

रविवारी दुपारी ऊन होतं आणि स्टँड कधी नव्हे ते भरलं होतं. वॉर्म-अपच्या मध्येच, एका साध्या उडीनंतर, धाकट्याने उजव्या मांडीचा मागचा भाग धरला आणि तो खाली बसला.

फिजिओने बोटांनी चाचपलं. "इथे?"

"हं."

"इथे?"

"आई गं!" धाकटा ओरडला, आणि ते त्याला इतकं बेमालूम जमलं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

स्नायूचं दुखणं फिजिओला दिसत नाही, दुखणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागतो. फिजिओने मास्तरांकडे बघून मान हलवली. धाकट्याने भावोजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं होतं. ते मात्र मास्तरांच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी बोलत होते. त्यांनी डावा पंजा वर धरला होता. मास्तरांनी हात झटकले. भावोजी क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग ग्लोव्हज घालायला लागले. गहिवरले असतील, धाकट्याने स्वतःला सांगितलं. वर ताई उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

पहिल्या अर्ध्या तासात भावोजींनी दोन चेंडू असे बाहेर ढकलले की स्टँड उभं राहिलं. धाकट्याने बाकावरून घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला. अजिंक्यने गोल केला. मध्यंतरानंतर समोरच्यांनी फेडला, त्यात भावोजींचा काही दोष नव्हता, बचावातला एकजण घसरला. एक-एक. एवढं पुरेसं होतं. लोक घड्याळं बघायला लागले. मागच्या ओळीत कुणीतरी फटाक्यांसारखे फुगे फोडत होतं.

मग त्यांच्या एका दमलेल्या खेळाडूने, दुसरं काही सुचेना म्हणून, लांबून एक चेंडू हाणला. त्यात दम नव्हता, वळण नव्हतं. सरळ छातीच्या उंचीवर भावोजींकडे आला. भावोजी दोन पावलं पुढे आले, दोन्ही हातांनी त्यांनी तो घेतला, आणि चेंडू डाव्या पंज्यातून निसटला, पायामागे पडला आणि हळूहळू, सगळ्यांना बघू देत, रेषेपलीकडे गेला.

स्टँडमधून आवाजच आला नाही आधी. नंतर मात्र आला. "म्हाताऱ्याला कुणी उभं केलं?" इथपासून जे सुरू झालं ते शेवटची शिट्टी वाजेपर्यंत थांबलं नाही. भावोजी गोलमध्ये उभे राहून आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. ताई बसली होती आणि तिने टाळ्या वाजवलेले हात मांडीवर तसेच उताणे ठेवले होते. धाकट्याला तिकडे बघवेना.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता येतं तेव्हा माणूस नशीबवान. धाकट्याला तेही म्हणता येत नव्हतं. भावोजींचं बोट त्याने मोडलं होतं आणि तेच मोडकं बोट घेऊन त्यांना भरल्या स्टँडसमोर त्यानेच उभं केलं होतं.

संध्याकाळी तिघं घरी आले. धाकट्याला आठवण ठेवून लंगडावं लागत होतं, आणि जिना चढताना भावोजींनीच त्याला खांद्याचा आधार दिला. ताई स्वयंपाकघरात गेली. फिजिओने तिला बजावलं होतं, आज बर्फ लावायचा. फ्रीजमधला ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज येत होता.

भावोजी खुर्चीत बसले. जमिनीकडे बघत ते म्हणाले, "मला माफ कर रे. तू वर्षभर घाम गाळून उभं केलंस, मी एका मिनिटात मातीत घातलं. तुझं पहिल्या श्रेणीत जायचं वय आहे. माझ्यामुळे गेलं."

धाकट्याने आजवर बरंच सोसलं होतं, पण ही माफी त्याला सोसेना.

"भावोजी, माझ्या पायाला काही झालेलं नाही."

"काय?"

"मी नाटक केलं. तुम्हाला शेवटचं खेळायला मिळावं म्हणून." आता थांबता येणार नव्हतं. "आणि ते बोट. लक्ष तुमचं नव्हतं हे खरं, पण गोड बॉल मी मुद्दाम जोरात मारला होता. राग आला होता मला. आई आली होती, आणि तुम्ही गालावर थोपटलंत. मोडायचं नव्हतं मला, देवाशपथ. पण मारला मी मुद्दाम."

स्वयंपाकघरात बर्फाचे तुकडे भांड्यात पडले. भावोजींनी डावा हात उजव्या हातात घेतला आणि ते वाकडं बोट अंगठ्याने चोळलं.

"म्हणजे मी उगाचच," ते हळू म्हणाले, "इतके महिने स्वतःला शिव्या घालत होतो."

"हो."

"बोटाचं एक वेळ मी समजू शकतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण धाकट्याने तो असा कधी ऐकला नव्हता. "मीही राखीव होतो. कुणाच्या पायात कधी काय येईल सांगता येत नाही. त्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस तर एक कानफटात दिली असती आणि संपलं असतं. पण आज? आज तर डोकं थंड होतं ना तुझं? चार दिवस विचार करून केलंस ना?"

"तुम्हाला उभं राहायचं होतं म्हणून..."

"कोण म्हणालं?"

"ताई."

"तिला हवं होतं. मला नको होतं. मला माहीत होतं हे बोट मिटत नाही. बॉल झेलायला गेलो की सुटणार, हे मला रोज सरावात दिसत होतं. मास्तरांना मी आज तेच सांगितलं, की मला उभं करू नका. ते म्हणाले, मग काय मी उभा राहू?" भावोजींनी पंजा मिटून दाखवला, बोट वरच राहिलं. "मी बाकावर सुखात होतो रे. तू पेनल्टी अडवायचास ना, तेव्हा मला वाटायचं मीच अडवली. आणि वर गेलो तर मास्तर मला गोलकीपरचा कोच म्हणून ठेवून घेणार होते. शब्द दिला होता. तुझ्या ताईला अजून सांगितलं नव्हतं, आज सांगणार होतो."

धाकट्याने दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरली.

"मला विचारायचंस तरी. पण तुला मला काही द्यायचंच नव्हतं. तुला तुझं ओझं उतरवायचं होतं, म्हणून मला उभं केलंस."

"मी ताईला सांगतो," धाकटा उठत म्हणाला. "मास्तरांना सांगतो, सगळ्यांना सांगतो. लोक तुम्हाला बोलतायत ते..."

"खाली बस."

तो बसला.

"कुणाला एक शब्द सांगायचा नाही. म्हाताऱ्याच्या हातून सुटला असं लोक म्हणतात, म्हणू देत. हातून सुटलाच. पण मेहुण्याने दया करून उभं केलं आणि तरीही याच्या हातून सुटला, हे मला ऐकायचं नाही. आणि तिला तर मुळीच नाही. तिचा नवरा आज हरलाय. तिचा भाऊही आजच हरायला नको."

"भावोजी, हे असं गप्प राहून मी कसा..."

"ते तुझं तू बघ."

ताई आली. डोळे लाल होते, पण तिने पदर खोचला होता आणि हातात नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ होता. "हे काय, पाय खाली सोडून बसलायस? कमाल करता तुम्ही दोघं. लांब कर बघू. अहो, तुमचं तरी लक्ष आहे का, किती सुजलाय तो?"

सुजलं काहीच नव्हतं, पण तिला दिसत होतं. धाकट्याने पाय सोफ्यावर लांब केला. तिने मांडीखाली बर्फ धरला. गार चटका थेट मस्तकात गेला.

"इथे का?"

धाकट्याने भावोजींकडे पाहिलं. भावोजी त्याच्याकडेच बघत होते.

"थोडं वर," धाकटा म्हणाला.

"दुखतंय खूप?"

"हो."

"तुझा पाय धरला नसता ना आज," ताई म्हणाली आणि तिचा आवाज कापला, "तर... जाऊ दे. नशीब एकेकाचं. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस हं. सांभाळून घे त्यांना."

"नाही बोलणार," धाकटा म्हणाला.

भावोजी खुर्चीतून उठले, त्यांनी कोपऱ्यातली उशी उचलली, आणि ती धाकट्याच्या पायाखाली नीट सरकवून दिली.